आठ परसांवरचा जुळा

अप्पा गावाला निघाले की भाकरीच्या गाठोड्यात एक लिंबू मागायचे. अप्पा म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन खटकचिंचोळीला आले तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन. सासूबाई त्याआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात बाई म्हणून मी एकटीच आणि गाठोडं बांधायचं काम माझंच. लिंबू कशाला, हे मी कधी विचारलं नाही. उन्हातान्हात फिरणारा माणूस, तहान लागली तर चोखत असेल, असं मी धरून चालले. पातळ सालीचं, पिवळंधमक लिंबू निवडून द्यायची आणि आपण किती गुणाची सून आहोत म्हणून मनात खूश व्हायची. ते एक लिंबू कशाला म्हणून विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. आता म्हातारपणी माणूस शांत होतो म्हणतात. मी काही झाले नाही. तेव्हाच्या त्या पोरीचा, म्हणजे माझाच, मला अजून संताप येतो.

अप्पांचा धंदा तुरीचा आणि हरभऱ्याचा. तट्टावर बसून भालकी, औराद, आळंदच्या गावांमधून फिरायचे, माल बघायचे, सौदा करायचे. पण तूर हे निमित्त. कुठं नवी विहीर खणायला घेतली आहे असं कानावर आलं की तट्टू तिकडं वळलंच. आमच्याकडचा काळा कातळ फोडताना मध्येच एखादी पोकळी लागते आणि तिच्या आतल्या अंगाला स्फटिक धरलेले असतात. पांढरे, मधाच्या रंगाचे, टोकदार. विहीर खणणाऱ्या वडारांना त्याचं काय? सुरुंग लावला, मलबा वर काढला, संपलं. अप्पा काठावर बसून त्यांना तंबाखू द्यायचे आणि विनवायचे, "अण्णा, पोकळी लागली तर घडीभर दम धरा. म्या उतरतो." पन्नाशी ओलांडलेला माणूस दोराला लोंबकळत खाली जायचा. लोक हसायचे. माझा नवरा दुकान सांभाळायचा, तोही वैतागायचा. "तूर आणायला म्हनून जातेत आन् धोंडे घेऊन येतेत," असं तो मला म्हणायचा. अप्पांच्या तोंडावर नाही.

माजघरात एक शिसवी पेटी होती. तिच्यात कापसाच्या गादीवर एकेक दगड आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन गोष्टी: गाव, कुणाची विहीर, किती परसांवर सापडला. उभ्या माणसानं हात वर केला की जेवढी उंची होते तो एक परस. आमच्याकडे विहिरी परसानंच मोजत. चिंताकीला माझ्या माहेरी मुलींना कोण शिकवतंय? या चिठ्ठ्याच माझं पहिलं पुस्तक. दुपारी जेवणं झाली की अप्पा पेटी उघडायचे, एकेक चिठ्ठी माझ्यापुढं ठेवायचे आणि मी बोट ठेवून वाचायची. सगळ्यात आधी वाचता आलेला शब्द 'विहीर'. त्या दिवशी अप्पांनी मला गूळ दिला होता, तट्टाला देतात तसा हातावर. मी रुसले होते आणि गूळही खाल्ला होता.

एकदा एका देखण्या दगडाची चिठ्ठी उंदरानं खाल्ली. अप्पांना गाव आठवेना. दोन दिवस ते घरात फेऱ्या मारत होते. मी म्हटलं, "लिवा की भालकी. कोन बघायलंय?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पदर ओढून घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "न्हाई माय. ठावं न्हाई तर 'ठावं न्हाई' असंच लिवायचं. एक चिठ्ठी खोटी निगाली की समदी पेटी खोटी हुती. मग त्यात आन् रस्त्यावरच्या खडीत काय फरक ऱ्हायला?"

आणि त्यांनी तसंच लिहिलं. दगडांसाठी एवढं कोण करतं, असं मला तेव्हा वाटलं.

पेटीत सगळ्यात मान जुळ्यांचा. दोन खडे शेजारी वाढून एकमेकांना चिकटले तर तो जुळा नव्हे, हे त्यांनी मला कितीदा समजावलं असेल. "ते शेजारी. शेजाऱ्याचं त्वांड कुनीकडंबी आसतंय. जुळा म्हंजी एका जागी जलमला आन् मदल्या रेघेच्या दोनी अंगांनी सारकाच वाढला." मग दारात उभं करायचे, मधली रेघ नाकासमोर धरायला लावायचे आणि उन्हात दगड हळूच कलवायला सांगायचे. खरा जुळा असेल तर डावं-उजवं अंग एकाच वेळी लकाकायचं. मला ते जमायला लागलं. हजारो दगडांत एखादाच जुळा निघतो, आणि सुरुंगातून धड सुटणारा त्याहून विरळा. अप्पांच्या सगळ्या आयुष्यात मिळून सात.

सातांतला थोरला मादन हिप्परग्याचा. तो अप्पांनी विहिरीतून काढलेला नव्हता. तुरीच्या सौद्याला गेले असताना एका घरी जेवायला बसले, तर समोर देव्हाऱ्यात लिंगाशेजारी हा. तळहाताएवढा, मधाच्या रंगाचा, पंख पसरून बसल्यासारखा, मध्ये खोल खाच. अप्पांच्या हातातला घास हातातच राहिला. त्या घरच्या म्हातारीच्या सासऱ्यानं दुष्काळात मळ्यात विहीर खणली होती, तिच्यात आठ परसांवर तो निघाला, आणि तेव्हापासून दिव्याच्या काजळीत आणि तेलात देवाजवळ बसून होता. अप्पा तिथं वर्षानुवर्षं जात राहिले. मागायचे नाहीत. जेवायचे, बघायचे, यायचे. एका खेपेला म्हातारी आपणहून म्हणाली, "घिऊन जावा. माज्या मागं हे पोरं त्याचा गोटा करून खेळतील." मोबदला तिनं घेतला नाही. एकच अट घातली. दगड जाईल तिथं गावाचं नाव त्याच्यासंगं गेलं पाहिजे. सासऱ्यानं उपाशीपोटी खणलेली विहीर होती ती.

अप्पांनी तिच्या पायावर हात ठेवून शब्द दिला. आणि नुसत्या ऐकीव गोष्टीवर चिठ्ठी लिहितील तर ते अप्पा कसले! त्या जुन्या विहिरीत दोर सोडून उतरले. आठ परसांवर कातळात पोकळी तशीच होती, बारके खडे अजून धरून बसलेले. वर आले, अंग पुसलं आणि काठावर बसून चिठ्ठी लिहिली: 'मादन हिप्परगा. मळ्यातली जुनी विहीर. आठ परस.'

माझ्या लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा हैदराबादहून पत्र आलं. तिथल्या एका कॉलेजात शिकवणारे कुणी साहेब कातळातले स्फटिक जमा करत होते. ते काचेच्या कपाटात मांडून लोकांना दाखवायचा त्यांचा बेत होता. अप्पांच्या पेटीबद्दल कुणी तरी त्यांना सांगितलं होतं आणि थोरल्या जुळ्याचं नाव ऐकून ते स्वतः यायला निघाले होते. अप्पांनी ते पत्र मला तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. "काचेच्या आत दगड आन् म्होरं चिठ्ठी," ते म्हणाले. "मादन हिप्परगा, निजामाच्या हैदराबादेत. म्हातारीला दिलेला शबुद पुरा हुतोय बग, माय." त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना तसं आधी कधी बघितलं नव्हतं.

रेल्वे तेव्हा नुकतीच भालकीला आलेली. साहेबांना आणायला अप्पा पहाटेच बैलगाडी घेऊन निघाले. जाता जाता म्हणाले, "घर जरा झाडूनपुसून ठिव. मोठा मानूस यायलाय."

मी काय काय केलं म्हणून सांगू! ओसरी सारवली, चुना दिला, समया-तांबे चिंचेच्या कोळानं घासून असे लख्ख केले की तोंड दिसावं. पितळ घासण्यात माझा हात धरणारी गावात कोणी नव्हती. अप्पा स्वतः चारचौघांत सांगायचे. मग माझी नजर पेटीवर गेली. बाकीचे सगळे दगड स्वच्छ. आणि ज्याच्यासाठी साहेब हैदराबादहून येणार, तो थोरला जुळा काळाकुट्ट, तेलकट, खाचेत हळद-कुंकू साठलेलं. अप्पा त्याला मऊ फडक्यानं पुसायचे तेवढंच. मला वाटलं, पुरुष माणूस, त्यांना काय कळतंय घासायचं?

कोळ उरलाच होता. दगड त्यात बुडवला आणि नारळाच्या काथ्यानं हलक्या हातानं घासू लागले. हलक्या हातानं बरं का, मी काही अडाण्यासारखा रगडला नाही. बारीक बारीक फेस आला. मळ निघतोय म्हणून मला आणखी हुरूप आला. काजळी गेली, तेल गेलं, कुंकू गेलं. खाचेतलं निघेना म्हणून दुसरी कामं होईपर्यंत तो कोळातच ठेवला.

पाण्यानं धुऊन काढला तेव्हा ओला होता, छानच दिसला. वाळायला लागला तसा पांढरा पडत गेला. मी पुन्हा धुतला. पुन्हा पांढरा. दारात जाऊन मधली रेघ नाकासमोर धरली आणि कलवला. डावं अंग लकाकलं नाही, उजवंही नाही. सुरीसारख्या कडा बोटाला बोथट लागल्या. मी खोबरेल लावून बघितलं, पदरानं पुसलं, देवाला हात जोडले. तेवढ्यात गाडीच्या घुंगरांचा आवाज आला. मी दगड कापसात ठेवला, वर कापूस पांघरला आणि पेटी लावली.

साहेब वयस्कर होते, शेरवानी घातलेले, बोलणं फार अदबीचं. त्यांच्याबद्दल वाईट लिहायची सोय त्यांनी ठेवली नाही. ओसरीत सतरंजीवर दोघं बसले, मध्ये पेटी. मी माजघराच्या दाराआड सरबताचं ताट घेऊन उभी. अप्पा एकेक दगड काढायचे, चिठ्ठी वाचायचे, आणि साहेब भिंगातून बघत उर्दूत वहीवर उतरून घ्यायचे. गाव, विहीर, परस. "वाह," ते म्हणायचे, "इतनी तफ़सील तो हमारे पास भी नहीं." अप्पांचा आवाज त्या दुपारी कसा होता! सनई लागावी तसा. आणि मी दाराआड प्रत्येक दगडागणिक मोजत होते, आता किती राहिले, आता किती राहिले.

शेवटी अप्पा म्हणाले, "अब ये देखो साब," आणि कापूस बाजूला केला.

अप्पांनी दगड उचलला. उन्हाकडं धरला, कलवला. मग एकदाच, एकदाच मान वळवून माझ्या दाराकडं बघितलं. मी नजर खाली घातली. त्यांना सगळं कळलं.

साहेबांनी दगड घेतला, अंगठा फिरवला, वास घेतला. "इसको तो खटाई लगी है," ते म्हणाले. "ये किसने धोया?"

"मैंच धोया साब," अप्पा म्हणाले. "अच्छा दिखना बोलके."

साहेब त्यांच्याकडं बघत राहिले. "आप तो बरसों से पत्थर जमा करते हैं न?" आवाज चढवला नाही, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. अप्पा म्हणाले, "हौ साब." साहेबांनी हळूच लेखणीला टोपण लावलं आणि वही मिटली.

मला त्या क्षणी समजलं काय झालं ते. ज्या माणसाला आपला सगळ्यात मोलाचा दगड कशानं धुवावा हे कळत नाही, त्याच्या चिठ्ठ्यांवर कोण विश्वास ठेवेल? एका वाक्यानं अप्पांनी आपली सगळी पेटी खोटी करून टाकली होती. आणि ते वाक्य पुसायला दाराआडून एक शब्द पुरला असता. सुनेनं परक्या पुरुषासमोर आवाज काढायचा नाही, ही रीत होती, खरं आहे. पण रीतीच्या मागं मी लपले, हे जास्त खरं आहे. आणि त्याहून लाजिरवाणं सांगते: अप्पांनी माझं नाव घेतलं नाही तेव्हा आधी मला हायसंच वाटलं.

साहेबांनी सरबत घेतलं, घराची तारीफ केली, पितळेची तर खासच. निघताना पाच-सहा दगड पसंत केले आणि एकाच वर्तमानपत्रात गुंडाळले. अप्पा चिठ्ठ्या गोळा करून पुढं करत म्हणाले, "चिठ्ठियाँ, साब."

"रहने दीजिए," साहेब प्रेमानं म्हणाले. "ज़िला बीदर लिख देंगे, काफ़ी है."

त्यातले दोन दगड बीदर जिल्ह्यातले नव्हतेच, गुलबर्ग्याकडचे होते. अप्पांनी तेही सांगितलं नाही. जुळा साहेबांनी परत कापसात ठेवला होता. गाडी गेल्यावर मी ओसरीत आले तर चिठ्ठ्या सतरंजीवर तशाच पडलेल्या होत्या.

अप्पा स्टेशनवरून आले ते हातपाय धुऊन नेहमीसारखे जेवले. मी वाढत होते आणि रडत होते. पान उचलायला वाकले तेव्हा म्हणाले, "एक लिंबू आन बरं, माय." मी आणलं. त्यांनी खिशातून एका फुटक्या स्फटिकाचा तुकडा काढला, लिंबू चिरून थेंब पिळला. तुकड्यावर बारीक बुडबुडे फसफसले.

"विहिरीवर गारगोटी कंची आन् हे कंचं, ते असं वळखायचं. गारगोटीवर कायबी हुत न्हाई. हे आंबटानं झिजतंय," ते म्हणाले. "तुज्या हातचं लिंबू इतके वरीस नेलं, पन कामून नेतो ते तुला सांगायचं राहूनच गेलं. चूक माजी हाय."

"अप्पा, तुमी मला बोला," मी म्हटलं. "मारा मला."

"येडी हायस का," ते म्हणाले आणि उठले.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी जगले असते. ते बोलायचे, हसायचे, माझ्या मुलांना खांद्यावर घ्यायचे. पण गाठोडं बांधताना लिंबू मागणं बंद झालं. मी दोन-तीनदा आपणहून ठेवलं. संध्याकाळी ते गाठोड्यात तसंच परत आलं. मादन हिप्परग्याला तूर चांगली असायची, तरी त्या गावाची वाट त्यांनी सोडली. म्हातारी जिवंत होती की नाही, आम्हाला कळलं नाही. पेटी दुपारी उघडायची बंद झाली, आणि मीही तिला हात लावला नाही. मला भीती वाटायची.

निजामाचं राज्य गेलं त्यानंतरच्या थंडीत अप्पा गेले. आमच्यात बसवून माती देतात. पुरुष मंडळी परत आली तेव्हा मी नवऱ्याला विचारलं, "खड्डा किती खोल घेतला?"

"परसभर आसंल," तो म्हणाला. "कामून?"

मी त्याच्या पायांवर पाणी ओतलं.

काही दिवसांनी घरात कुणी नसताना पेटी उघडली. सतरंजीवरून उचललेल्या चिठ्ठ्या अप्पांनी दोऱ्यानं बांधून एका कोपऱ्यात ठेवल्या होत्या. थोरला जुळा आपल्या जागी होता, ताकात बुडवल्यासारखा पांढरट. खालची चिठ्ठी काढली. 'मादन हिप्परगा. मळ्यातली जुनी विहीर. आठ परस.' आणि त्याखाली दुसऱ्या शाईनं आणखी एक ओळ होती, अक्षर थोडं थरथरतं. बोट ठेवून वाचली, त्यांनी शिकवलं होतं तशी. 'चिंचेनं धुतला. माझ्या हातून.'

उंदरानं खाल्लेल्या चिठ्ठीसाठी दोन दिवस तळमळणारा माणूस. त्यानं जन्मात एक चिठ्ठी खोटी लिहिली आणि ती माझ्यासाठी. उद्या कुणी पेटी उघडली तरी माझ्याकडं बोट जाऊ नये म्हणून. मी त्या माजघरात तोंडात पदर कोंबून रडले. माझ्या आईच्या मागं मी एवढी रडले नव्हते.

मग नवऱ्याच्या दुकानातला टाक आणि दौत आणली. 'माझ्या' या शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'सुनेच्या'. माझं अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं. पेटी अजून माझ्याजवळ आहे. हैदराबादचं ते कपाट कुठं गेलं, आहे की नाही, मला माहीत नाही. अप्पांच्या हिशेबानं पेटीतल्या सगळ्या चिठ्ठ्या आता खऱ्या आहेत, पण त्या वाचायला कुणी येत नाही.

सुनेच्या हातून. लिहायला पळभरही लागलं नाही. त्या दिवशी दाराआडून एवढंच बोलायचं होतं.